विहिणीच्या टेबलावरची पिओनी

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, भांडणं होतील ती मानपानावरून, साड्यांवरून, फार तर आचाऱ्यावरून. झालं भलतंच. पहिलं भांडण झालं ते जेवणाच्या टेबलावर मधोमध काय ठेवायचं यावरून.

माझी एकुलती एक लेक पुण्यात नोकरी करते. तिने फोनवर एक फोटो पाठवला. पांढऱ्या कापडाचं गोल टेबल, मधे काचेचं बसकं भांडं आणि त्यात फिकट गुलाबी फुलं, एकेक वाटीएवढं, पाकळ्यांनी ठासून भरलेलं. "मम्मी, ह्यांना पिओनी म्हणतात. आपल्या लग्नात टेबलांवर हीच फुलं पाहिजेत." फूल देखणं होतं, नाही कशाला म्हणू. पण आमच्याकडे टेबलाच्या मधोमध पाण्याचा जग असतो, मीठ असतं, लिंबाच्या फोडी असतात. टेबल हीच मुळात अलीकडची गोष्ट. माझ्या लग्नात लोक सतरंजीवर बसून जेवले आणि पोटभर जेवले. मी तिला म्हणाले, "बाई, वरणाची बादली घेऊन पळणारा वाढपी तुझं फूल बघंल का पत्रावळ?" ती म्हणाली, "तू लय जुनाट झालीस." मी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी मीच परत केला, ही गोष्ट वेगळी.

खरं म्हणजे मला राग फुलांचा नव्हताच. राग त्या टेबलाचा होता, आणि तोही सगळ्या टेबलांचा नाही, एकाच.

आमच्यात अक्षता पडल्यावर विहिणीची पंगत बसते, हल्ली टेबलावर. नवऱ्या मुलाची आई आणि तिच्यासोबतच्या बायका बसतात, ताटाभोवती रांगोळी काढतात. मुलीची आई विहिणीला कुंकू लावते, विहीण मुलीच्या आईला लावते, दोघी एकमेकींच्या केसात फूल माळतात, घास भरवतात आणि मग शेजारी बसून जेवतात. सगळ्या लग्नात मला हा एवढाच भाग आवडतो. बाकी लग्न बाप्यांचं आणि भटजींचं असतं. ही पंगत दोन आयांची असते.

आणि तिथे मी बसणार नव्हते. लेक पाचवीत असताना तिचे पप्पा गेले. त्यांच्याच कचेरीत मला अनुकंपावर नोकरी लागली आणि मी तिला वाढवलं, शिकवलं, पुण्याला पाठवलं. पण कुंकवाचं आणि फुलाचं काम माझ्याकडे कसं येणार? कन्यादान दीर-जाऊ करणार हे ठरलंच होतं. त्याचं मला काही वाटलं नाही, दीर माझे सरळ माणूस आहेत. पण विहिणीच्या टेबलावरही जाऊच बसणार असं सासूबाईंनी सांगितलं. मी तोंडाने म्हणाले, "बसू द्या की, मला कुठं हौस हाय." हौस होती. मला तिथेच बसायचं होतं.

सासूबाई गावाकडे, बोरीला असतात. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणतो. सासरे जाऊन जमाना झाला. तेव्हापासून शेत, शेरडं आणि घरदार त्यांनी एकटीनं ओढलं आणि त्यासोबत साऱ्या भावकीच्या रीतीही सांभाळल्या. दुष्ट बाई नाही. पण रीत म्हटलं की रीत. कोणतं फूल कुणाला चालतं हे तर गावातल्या बायका त्यांनाच विचारायला येतात. केवडा महादेवाला न्हाई चालत. रुई मारुतीला. झेंडू दसऱ्याला दाराला, पण नवरीच्या केसात न्हाई. आणि मोगऱ्याचा गजरा सवाशिणीला, बाकी कुणाला न्हाई. त्या 'बाकी'मध्ये मी. ऑफिसात मी टिकली लावते, बोरीच्या फाट्यावर उतरले की काढून पर्समध्ये ठेवते. त्याची सवय झाली. गजऱ्याची काही झाली नाही. बाजारात गजरेवालीसमोरून जाताना मी अजून चाल मंद करते, वास घेते आणि पुढे जाते. माझं वय बघता हे हसण्यासारखं आहे, पण आहे ते आहे.

लेकीने आज्जीशी दोनदा भांडून बघितलं. "मम्मी बसणार न्हाई तर मी पण जेवणार न्हाई," इथपर्यंत मजल गेली. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "नको जेवू. उपास चांगला असतंय."

लग्न मे महिन्यातलं, परभणीतल्या मंगल कार्यालयात. डेकोरेशनवाल्याला मी पिओनीचा फोटो दाखवला. तो म्हणाला, "ताई, शेवंती म्हणा, जरबेरा म्हणा, गुलाब म्हणा, टेम्पो भरून आणतो. हे मात्र मी जन्मात बघितलं न्हाई." शेवटी लेकीनेच मुंबईच्या कुठल्या तरी व्यापाऱ्याकडून मागवली. परदेशातून मुंबईत, मुंबईहून रेल्वेने परभणीत. लग्नाच्या आदल्या दिवशी थर्माकोलचा खोका घरी आला. सगळे घोळका करून उभे राहिले आणि मी खोका उघडला.

आत फुलं नव्हतीच. लांब दांड्यांवर गोल, घट्ट, हिरवट गुलाबी गाठी होत्या. दीर म्हणाले, "वहिनी, हे तर कांद्याचे गोंडे दिसायलेत." आत्याबाईंनी एक हातात घेऊन दाबून बघितली आणि म्हणाल्या, "बारकी पत्तागोबी हाय. भाजी करा." लेकीचा चेहरा उतरला. त्यात फुलंही जेमतेम एका टेबलापुरती होती. बाकीच्या टेबलांवर शेवंतीच लावायची ठरली, आणि पिओनी विहिणीच्या टेबलावर. म्हणजे मला जिथे बसता येणार नव्हतं तिथेच.

पण मला त्या गाठींची दया आली. एवढ्या लांबून येऊन आमच्या उन्हात पडायचं म्हणजे काय. मी दांड्यांची टोकं तिरपी कापली, दोन स्टीलच्या कळश्यांत पाणी भरून त्या कूलरसमोर ठेवल्या, आणि पाहुण्यांना ऐकवलं, की आज कूलर तुमच्यासाठी नाही. घरात कुरबुर झाली. मी लक्ष दिलं नाही. सकाळी उठून बघते तर सगळी फुलं उमललेली! पाकळ्यांच्या आत पाकळ्या, त्यांच्या आत आणखी पाकळ्या, आणि गुलाबापेक्षा थोडा वेगळा गोड वास. मी कळशीपाशी खाली बसले. लेक मागून येऊन माझ्या गळ्यात पडली, आणि आम्ही दोघी काही कारण नसताना रडलो. म्हणजे कारण होतं, पण ते फुलांचं नव्हतं.

अक्षता पडल्या. जेवणं सुरू झाली. राणीसावरगावच्या आमच्या एका चुलत सासऱ्यांना विहिणीचं टेबल आणि साधं टेबल यातला फरक कुणी सांगितला नव्हता. ते तिथे ऐसपैस बसले, काचेचं भांडं उचलून खाली जमिनीवर ठेवलं आणि त्या जागी पाण्याचा जग मांडला. डेकोरेशनवाला धावत आला. मी हसू दाबत त्यांना दुसऱ्या टेबलावर नेलं, फुलं परत जागेवर ठेवली, ताटाभोवती रांगोळी नीट केली आणि बाजूला झाले. मग विहिणी आल्या.

माझ्या विहीणबाई ताडकळसच्या, शाळेत शिक्षिका आहेत, आवाज वर्गात घुमेल असा. खुर्चीवर बसल्या आणि शेजारच्या खुर्चीत जाऊला बघून म्हणाल्या, "मुलीची आई कुठंय?" मी तेव्हा जिलेबीचं ताट धरून खांबाशी उभी होते. जाऊ कानकोंडी झाली. "त्या तिकडं हायत," एवढंच म्हणाली. विहीणबाई उठल्या, सरळ माझ्याकडे आल्या, माझ्या हातातलं ताट काढून दुसरीच्या हातात दिलं आणि मला टेबलापाशी घेऊन गेल्या. "मला हिलाच माळायचंय," म्हणाल्या आणि परातीतला गजरा उचलला.

"मोगरा न्हाई चालत." आत्याबाई मागेच होत्या. आवाज चढवला नाही, नेहमीसारखाच होता.

मला जमिनीत जावंसं वाटलं. मी म्हणणार होते, राहू द्या विहीणबाई, जेवायला बसा. पण विहीणबाईंनी गजरा परत ठेवला, टेबलाच्या मधल्या भांड्यातून एक पिओनी काढली, दांडी मोडून आखूड केली आणि म्हणाल्या, "मंग हे चालतंय का, मावशी?"

सगळे आत्याबाईंकडे बघायला लागले. त्यांनी ते फूल हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं, वास घेतला. "हे कोन्या देवाला वाहतेत?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"सण? काही व्रतबित?"

डेकोरेशनवाला लांबून म्हणाला, "आजी, परभणीत हे पहिल्यांदाच आलंय."

मी आत्याबाईंना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अडलेलं बघत होते. हसण्यावारी नेणारी बाई नाही ती. त्या खरोखर आठवत होत्या, आईनं काय सांगितलं होतं, सासूनं काय सांगितलं होतं, कुठं काही राहिलंय का. मग त्यांनी मान हलवली.

"ह्याचं मला कुणीच काही सांगितलेलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् जे सांगितलेलंच न्हाई त्याला मी न्हाई कशी म्हणू? माळा."

लेकीने स्टेजवरूनच शिट्टी मारली. नवरी मुलीने शिट्टी मारावी का, यावर भावकीत अजून चर्चा चालू आहे. जाऊ खुर्चीवरून टुणकन उठली आणि मला दंडाला धरून तिथे बसवलं. "बसा ताई, मला कवापासून उठायचंच होतं." विहीणबाईंनी ते फूल माझ्या केसात खोवलं. मी दुसरं काढून त्यांच्या केसात लावलं, आणि घाईत दांडी त्यांच्या कानाला टोचली. त्यांनी मला जिलेबी भरवली. मी रडत रडत खाल्ली. तशी जिलेबी मी परत खाल्लेली नाही.

वाढपी पुरी घेऊन आला तरी आत्याबाई टेबलापाशीच उभ्या होत्या. मला वाटलं, आता यांना पश्चात्ताप व्हायलाय, आता काहीतरी बोलणार. मी घास हातात धरून थांबले.

"नुसती बघायलीस काय," त्या म्हणाल्या. "मला बी एक लाव."

मी उठले. त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि डोक्यावरचा पदर त्यांनी स्वतः मागे सारला. मी लग्न होऊन त्या घरात आल्यापासून तो पदर खाली आलेला पाहिला नव्हता. पांढऱ्या केसांचा अंबाडा केवढासा, सुपारीएवढा. फूल त्याच्याहून मोठं होतं आणि काही केल्या टिकेना. जाऊने स्वतःच्या केसातल्या दोन पिना काढून माझ्या हातात दिल्या. मी दांडी अंबाड्याखाली घातली, दोन्हीकडून पिना लावल्या आणि बोटाने चाचपून बघितलं.

"पडंल का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई पडत, आत्याबाई."

"मंग सरक जरा," त्या म्हणाल्या, खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी जेवायला बसल्या.