मांडवातले माठ

मुलीचे लग्न गावच्या मारुतीसमोरच व्हावे, हा हट्ट माझा होता आणि त्या हट्टाला मी भक्ती असे नाव दिले होते. नोकरीत सारे आयुष्य वर्ध्याला गेले. गावाशी नाते उरले ते सणावारी तेल-शेंदूर वाहण्यापुरते. पत्नी सुचवत होती की वर्ध्यातच एखादा हॉल घ्यावा, पाहुण्यांची सोय होईल. मी ऐकले नाही. हळदीच्या दिवशी सकाळी गावात आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशाताई दारोदार सांगत आल्या की रात्रीच्या वादळात नाल्याचे पाणी पिण्याच्या विहिरीत शिरले आहे, उकळल्याशिवाय कोणी थेंबही पिऊ नये. दोन लेकरांना उलट्या होऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात नेले होते. हे ऐकून मला पहिली काळजी वाटली ती त्या लेकरांची नव्हे, माझ्या मांडवाची. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुलगावहून वऱ्हाड येणार होते. टँकरवाल्यांना फोन केले. ऐन लग्नसराईत कोणीही मोकळा नव्हता. लग्न पुढे ढकलावे असे व्याह्यांना कळवायचे ठरवून मी फोन हातात घेतला आणि देवळात जाऊन बसलो. मारुतीला विचारले, तुझ्याच दारी कार्य करायला आलो, मग हे असे का? थोड्या वेळाने माझाच प्रश्न मला ओशाळवाणा वाटू लागला. मी देवासाठी आलो होतो, की देवाने माझ्यासाठी उभे राहावे म्हणून? मग काही मागवेना. ‘आता तूच बघ,’ एवढेच म्हणालो.

तेवढ्यात महिला भजन मंडळाच्या कमलाबाई पायरीशी आल्या.

"काऊन भाऊ, इथं बसून राह्यले? तुमच्या आचाऱ्याचे गंज पाहिजेत आमाले. मोठाले हायेत. अख्ख्या गावाचं पाणी उकळतो त्याच्यात."

"आणि हळदीचा स्वयंपाक?" माझ्या तोंडून निघून गेले.

"पोहे खाऊ घालजा पाहुण्यायले. हळद लागायची रायते का पोह्यानं?"

मी फोन खिशात ठेवला आणि हो म्हणालो. मनापासून म्हणालो असे नाही. नाही म्हणण्याची लाज वाटली म्हणून म्हणालो. पण त्या होकारानंतर जे झाले ते माझ्या हातात राहिले नाही. बैलगाडी भरून जळणाला पऱ्हाट्या आणि तुराट्या आल्या. मांडवामागच्या चुली पेटल्या. कोणी पाणी गाळत होते, कोणी जाळ सांभाळत होते, कोणी आजारी माणसांच्या घरी आधी घागरी पोचवत होते. हळद लावलेली माझी मुलगी पदर खोचून पाणी गाळायला बसली, तेव्हा बायकांनी तिच्यावरच हळदीची गाणी म्हटली. दुपारनंतर निरोप आला की दोन्ही लेकरांना आराम पडला आहे. चुलीपाशी एकच टाळ्यांचा गजर झाला. त्या टाळ्यांत माझेही हात होते, आणि त्या क्षणी मला मांडवाची आठवणसुद्धा नव्हती.

ती आठवण आचाऱ्याने करून दिली. वऱ्हाडासाठी उकळलेले पाणी अजून कढत होते, आणि उन्हाळा असा की ते दुसऱ्या दुपारपर्यंत पिण्याजोगे गार होणे कठीण. "काकाजी, एवढ्या पाण्यात चायपत्तीच टाकून देतो. वऱ्हाडी म्हणतीन, लय मान केला!" तो म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो, पण व्याह्यांसमोर कढत पाण्याचा पेला धरलेला माझा हात मला दिसत होता.

कमलाबाई घरी गेल्या आणि स्वतःचा माठ कमरेवर घेऊन आल्या. मागून दुसरी आली, मग तिसरी. दिवस मावळायच्या आत गावातल्या घराघरातला माठ माझ्या मांडवात, ओल्या पोत्यांवर, रांगेने बसला होता. त्या उन्हाळ्यात स्वतःच्या घरचा गारवा उचलून मला देणारी ही माणसे. यांच्यापैकी कितीजणांच्या दारी मी कधी गेलो होतो?

दुसऱ्या दिवशी व्याही उतरले ते घामाने निथळत. पहिला पेला त्यांनी एका दमात संपवला, दुसऱ्या माठातला मागितला, मग तिसऱ्यातला. "व्याही, हरेक माठाची चव निराळी लागून राह्यली का जी!"

"सगळ्यायची चव घेता, तं लग्न संध्याकाळी लावा लागन," कमलाबाई म्हणाल्या, आणि मांडव हसण्याने भरून गेला. लग्न मारुतीसमोर लागले. आलेल्यांपैकी कोणालाही त्या पाण्याने त्रास झाला नाही.

संध्याकाळी मुलगी सासरी गेली. बायका आपापले माठ घेऊन निघाल्या. कोणत्याही माठावर खूण नव्हती, तरी प्रत्येकीने आपला बरोबर उचलला. शेवटी एक माठ उरला. काळा, गोल, निम्मा भरलेला. मी घरोघर विचारत फिरलो. त्या निमित्ताने प्रथमच गावातले प्रत्येक दार मी वाजवले, प्रत्येक घरी बसलो. माठ कोणाचाच नव्हता. याचा अर्थ काय लावावा हे मला ठाऊक नाही आणि तो लावण्याचा मी प्रयत्नही करत नाही. कमलाबाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ठेवून घ्या, भाऊ. ज्याचा असन, तो येईन पाणी प्याले."

तो माठ आता वर्ध्याच्या घरी, दाराशीच ठेवला आहे. टपालवाला येतो, कधी भाजीवाली येते, पत्ता चुकलेला एखादा अनोळखी माणूस येतो. पाणी हवे का, असे मी आता कोणाला विचारत नाही. पेला भरून पुढे करतो आणि ते पिऊन होईपर्यंत हात जोडून उभा राहतो.