टाळ्यांवर ठरलेला कामगार

दोघांपैकी खरा कामगार कोण वाटतो, ते टाळ्यांवर ठरणार होतं.

शाळेचं जिम. दोन्ही बाजूंच्या लाकडी पायऱ्यांवर सगळं हायस्कूल बसलेलं. मधोमध दोघं उभे. दोघांच्याही अंगात निळे कव्हरॉल, कामगारांचा गळ्यापासून पायापर्यंतचा एकसंध ड्रेस. एक आमच्या वर्गातला रोहन. त्याने तोंडाला कोको फासला होता, पेन्सिलीने मिशा काढल्या होत्या, केस तेल लावून चापून बसवले होते. दुसरे माझे बाबा.

आमच्या वर्गशिक्षिकेच्या हातात माइक होता. "नंबर वन!" म्हणत तिने रोहनच्या डोक्यावर हात धरला. जिम दणाणलं. "नंबर टू!" हात बाबांच्या डोक्यावर. थोड्या टाळ्या. मग हसू. मग पाय आपटणं.

बाबाही हसत होते. एक हात छातीवर ठेवून चारी बाजूंना वाकत होते.

रोहन जिंकला.

बाबांना वाटत होतं, त्यांचा सत्कार चाललाय.

यंदा बाबा गेले. भेटायला आलेली माणसं एकच म्हणत होती, काय हसतमुख माणूस होता. प्रत्येक वेळी मला ते जिम दिसलं. म्हणून लिहायला बसले. एक वाक्य लिहिते, उठते, पुन्हा येऊन बसते.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. शाळा अबुधाबीत, शहराबाहेर, विमानतळाच्या बाजूला. अभ्यासक्रम अमेरिकन. मुलं तेलकंपन्यांच्या साहेबांची, वकिलातींतली, बड्या व्यापाऱ्यांची. शाळेची देखभाल एका कंपनीकडे होती आणि बाबा त्या कंपनीत एसी टेक्निशियन. मूळचे संगमेश्वरकडचे. शाळेत काम करणाऱ्यांच्या एक-दोन मुलांना तिथे फुकट शिकवत. मी पुस्तकांत बुडालेली मुलगी, परीक्षा दिली, जागा मिळाली.

पहिल्याच दिवशी बाबांनी नियम घातला. "शाळेत मला हाक मारू नको, बाय. मी पण नाही मारणार. तुला बरा पडेल."

मी कधी मारली नाही. ते शिडी घेऊन व्हरांड्यातून जायचे, मी पुस्तकात बघायची. ते पुढे जाईपर्यंत माझे कान तापलेले असायचे. लाज वाटायची. त्यांची वाटते की माझी, हे मी स्वतःला विचारायचं टाळत होते.

त्या शाळेत ऑक्टोबरात होमकमिंग असे. जुने विद्यार्थी पाहुणे म्हणून परत येत, दुबईच्या एका शाळेशी फुटबॉलची मॅच होई, वरच्या वर्गांतून एक राजा, एक राणी निवडत. मी गेले तेव्हा हा सगळा एका संध्याकाळचा कार्यक्रम होता. मग तो वाढत गेला. दारं सजवायची स्पर्धा आली, वर्गावर्गांच्या आरोळ्या आल्या, मिरवणूक आली. शेवटी अख्खा आठवडाच झाला, स्पिरिट वीक. रोज एक वेश. एक दिवस झोपायचे कपडे, एक दिवस जुळ्यांसारखे. जितकी मुलं भाग घेतील तितके वर्गाला गुण. ज्याने भाग घेतला नाही, त्याच्याकडे सगळा वर्ग बघायचा. मी दर वेळी काहीतरी घालून जायची. कुणी बघू नये एवढ्यासाठी.

त्या वर्षी मुलांच्या समितीने नवा दिवस काढला. वर्कर डे. कव्हरॉल, हेल्मेट, हातात डबा.

शाळेच्या ऑफिसातून देखभालवाल्यांना निरोप गेला, जमतील तेवढे कव्हरॉल मुलांसाठी द्या. बाबा घरी आले ते खुशीत. आमची एक खोली होती, स्वयंपाकघर दुसऱ्या कुटुंबाबरोबर सामाईक. बाबांनी जमिनीवर चादर अंथरली आणि नवाकोरा कव्हरॉल इस्त्री करायला घेतला. कंपनीकडून नुकताच मिळालेला, अंगाला न लागलेला.

आई म्हणाली, "अहो, नवा कशाला देताय? पोरं मळवतील."

"मळवू दे. मोठ्या मोठ्या साहेबांची पोरं आपला ड्रेस घालणार उद्या. जुना देऊ?"

दसरा होऊन चारच दिवस झाले होते. खंडेनवमीला बाबा आपली हत्यारं पाटावर मांडायचे. पाने, पक्कड, टेस्टर, गॅसचं प्रेशर बघायचं गेज. हळदकुंकू, फूल, खोबरं. त्या दिवशी स्क्रू पिळायला पक्कड मागितली तरी द्यायचे नाहीत.

इस्त्री करताकरता त्यांनी मला विचारलं, "त्यांच्यात पण असतं का गो, आपल्या खंडेनवमीसारखा?"

मी "माहीत नाही" म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. मलाही क्षणभर वाटलं, असेल बुवा.

घडी घालण्याआधी बाबांनी कव्हरॉलच्या खिशावर कुंकवाचं बोट लावलं.

तो कव्हरॉल रोहनला मिळाला. रोहनचे वडील मोठे कॉन्ट्रॅक्टर, पुण्याचे. गणपतीत तिथल्या मराठी मंडळाच्या आरतीला पहिल्या रांगेत असायचे. घरी ते मराठी बोलायचे, रोहन इंग्रजीत उत्तर द्यायचा. त्याला मराठी पुरेपूर कळायचं. वर्गात बोलायचा नाही, एवढंच.

खिशावरचा लाल डाग बघून तो ओरडला, "यक! ब्लड!" पोरी किंचाळल्या. त्याने टिश्यू ओला करून पुसलं. डाग पसरला.

मग जिम. वर्गावर्गातला एकेक जण मधे येऊन नक्कल करत होता. कुणी झोपलेला कामगार, कुणी बससाठी पळणारा. रोहन उकिडवा बसला, काल्पनिक एसीकडे मान वर करून बघितलं, डोकं खाजवलं आणि मोठ्याने म्हणाला, "काय झालाय ता बघतो, साहेब. टेन्शन नको घेव."

बाबांचं वाक्य. बाबांचाच हेल. साहेबांसमोर ते हिंदी बोलायचे, पण मराठी मुलगा म्हणून रोहनच्या वर्गातला एसी दुरुस्त करताना प्रेमाने मराठीत बोलले असतील. सगळं जिम आवाजाला हसलं. शब्द फक्त मला कळले.

आणि बाबा दारात उभे होते. आपला ड्रेस बघायला आले होते, कामातून दहा मिनिटं काढून. अंगात जुना, विटलेला कव्हरॉल. रोहनला ते दिसले. "ओ माय गॉड, द रिअल वन! यल्ला, कम, कम!" त्याने हात धरून त्यांना मधे आणलं. टीचरला कल्पना आवडली.

पुढचं वर सांगितलंच आहे.

जिंकलेल्या वर्गाने फोटोसाठी खाली यायचं होतं. सगळ्यांनी. शेजारच्या मुलीने माझा हात वर उचलला. "वी वन! कम ऑन!" मी पायऱ्या उतरले. पाय आपोआप चालत होते. सगळे रोहनभोवती जमले. बाबांना कुणीतरी खांद्याला धरून बाजूला सरकवलं, फोटोत येत होते म्हणून. ते सरकले. आणखी सरकले. हसत.

मी घोळक्यातून बाहेर आले, त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "बाबा."

बाबा दचकले. "जा गो, जा जागेवर," ओठ न हलवता म्हणाले.

मी रोहनकडे वळले. मराठीत म्हटलं, "काढ तो."

"वॉट?"

"कळलंय तुला. माझ्या बाबांचा आहे तो. काढ."

जिम शांत झालं नाही. लांबच्यांना काहीच कळलं नव्हतं, ते आरोळ्या देत होते. जवळचे वळून माझ्याकडे बघायला लागले. टीचर माइक खाली करून म्हणाली, "स्वीटी, इट्स जस्ट फन. द क्लास विल लूज पॉइंट्स." रोहनने इकडेतिकडे बघितलं, चेन उघडली, आतल्या टी-शर्ट-शॉर्ट्सवर उभा राहिला आणि कव्हरॉल पायाने माझ्याकडे ढकलला.

फोटो झाला नाही. गुण गेले.

त्या रात्री बाबांनी जेवताना विचारलं, "ते सत्कार नव्हते करत?"

मी सांगितलं. नक्कल म्हणजे काय, टाळ्या कशासाठी, हसू कशाचं. वाक्य वाक्य सांगितलं. आयुष्यात मी बाबांना पहिल्यांदा काही शिकवलं, ते हे. त्यांनी ताट पुढे सरकवलं. त्यानंतर त्यांनी खंडेनवमीला पाट मांडला नाही. गावी परत आल्यावरही कधी नाही.

गुरुवार-शुक्रवारची सुट्टी संपून शनिवारी शाळा भरली तेव्हा टीचरने बाहेर बोलावलं. म्हणाली, वर्गाची माफी माग, दोन वाक्यं, मग गुणांचं बघते. बाबाही म्हणाले होते, "माग गो माफी. दोन शब्दांनी काय झिजतेस?" त्यांच्या आवाजात भीती होती.

मी वर्गासमोर उभी राहिले. सगळ्यांकडे बघितलं आणि इंग्रजीत म्हणाले, "मी माफी मागणार नाही. ज्यांनी मागायला हवी, ते बसलेले आहेत." आवाज पुरला.

महिन्याभरात कंपनीने बाबांना दूर रुवैसला पाठवलं, रिफायनरीच्या कामावर. कॅम्पात राहायचे, शुक्रवारी घरी यायचे. ते शाळेतले राहिले नाहीत, म्हणून माझी जागाही गेली. मग आई आणि मी गावी, देवरुखला परतलो. कारण कुणी सांगितलं नाही. बाबांनीही मला कधी बोल लावला नाही, आणि तेच जास्त टोचतं. माझ्या एका हाकेची किंमत त्यांनी उन्हात उभं राहून फेडली. याची लाज मला आहे. ती जाणार नाही, जावी असंही वाटत नाही.

पण ती लाज वेगळी आणि व्हरांड्यात कान तापायचे ती वेगळी. त्या पहिल्या लाजेचे मालक दुसरे होते, मी उगाच अंगावर घेऊन फिरत होते. ती मी जिममध्येच टाकून आले.

आता मी शिकवते. वर्गात कुणी कुणाच्या बापाची नक्कल केली की पोरं माझ्याकडे बघतात, बाई हसतात का ते बघायला. मी तास थांबवते. नक्कल करणाऱ्याला उभं करते. "गंमत होती, बाई" म्हणतो. कुणाची, ते सांग म्हणते. तो सांगेपर्यंत तास पुढे जात नाही. पालक तक्रार करतात, मुख्याध्यापक बोलावून समजावतात, थोडं सोडून द्यायला शिका म्हणतात.

मी सोडून देणार नाही.