धाकलूने भरलेली वही

धाकलू इंग्रजी शिकला तो एका माणसाला पाडण्यासाठी. गावात सांगितलं तर लोक हसतील, पण खरं आहे ते.

लढाईच्या दिवसांत, पाताळगंगेच्या काठी, भाताच्या पेंढ्यापासून पुठ्ठा करणारा एक कारखाना होता. पुठ्ठ्याच्या पेट्या लष्करात जायच्या. कारखान्याची सगळी यंत्रं एका मोठ्या ऑइल इंजिनावर चालत आणि त्या इंजिनाला तेल पाजायचं काम धाकलूकडे होतं. दर तासाला, इंजिनाचा दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगवर तळहात ठेवायचा, किती तापलंय ते जोखायचं आणि वहीत एक ओळ लिहायची. ओळ इंग्रजीत, कारण वही बघणारा साहेब विलायतेचा. धाकलू मराठी चौथी शिकलेला. पाळी सांभाळणाऱ्या चार्जमन पोपटरावांनी त्याला दोन शब्द गिरवायला दिले होते, ‘वॉर्म’ आणि ‘हॉट’. त्यावर त्याचं भागत होतं.

त्रेचाळीसच्या चैत्रात एका दुपारी बेअरिंग रोजच्यापेक्षा जास्त तापलं. हात ठरत होता, पण चटका होता. धाकलू पोपटरावांकडे गेला.

“राव, लई तापलंय. ‘लई’ला काय लिवू?”

पोपटरावांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. “टू लिही. टू हॉट.”

धाकलूने लिहिलं. पाळी बदलली, पुढच्या मिस्त्रीने वही वाचली आणि घाबरून इंजिन बंद केलं. अर्धा दिवस कारखाना उभा राहिला. साहेब मोटारीतून आला, बेअरिंग खोललं, आत काही नाही. त्याने वही पुढे धरली. धाकलूने पोपटरावांकडे बघितलं.

“मी कशाला सांगू असलं?” पोपटराव म्हणाले. “अडाणी आहे तो, साहेब. मनाचंच लिहितो.”

धाकलूची रवानगी चुन्याच्या हौदावर झाली. तिथे चुन्याच्या पाण्यात पेंढा कुजवत आणि कुजलेला पेंढा हातांनी उपसावा लागे. महिन्याभरात त्याच्या बोटांची सालं निघाली. ती परत आली असती, पण नाव चिकटलं ते चिकटलं. कारखान्यात ‘टू हॉट’, बाजारात ‘टू हॉट’. भागी, त्याची बायको, पाणवठ्यावर गेली की बाया विचारायच्या, “काय गं, आज किती तापलाय तुजा?” एक दिवस ती रिकामा हंडा घेऊन परत आली आणि चुलीपुढे बसली. त्या दिवशी धाकलूने ठरवलं.

चौक गावात सडकेवर अब्बासचं मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. अब्बासने अकरा वर्षं बोटीच्या इंजिनावर काढली होती, गोऱ्यांच्या हाताखाली. धाकलू दर रविवारी चालत त्याच्याकडे जाऊ लागला. नटबोल्ट धुवायचा आणि बदल्यात इंग्रजी घ्यायचा.

“व्हेरी आणि टूमदे काय फरक हाय, ते पयलं सांग,” धाकलू म्हणाला.

अब्बासने चहाचा पेला त्याच्या हातात दिला. “पी.”

“चटका बसतोय.”

“पण धरलायस ना? फुंकून पिशील ना? हा व्हेरी.” मग त्याने स्टोव्हवरचं भांडं दाखवलं. “आता हे धर.”

“येडा हायस काय रं!”

“हा टू. व्हेरीत काम अवघड होतं. टूमध्ये काम थांबतं. टू बोललास तर काय थांबलं, ते पण बोलायचं. टू हॉट टू टच. टू हॉट टू रन. नायतर गोरा विचारणार, टू हॉट कशाला?”

दीड वर्षात धाकलू पुरती वाक्यं लिहू लागला. कारखान्यात मात्र तोंडातून इंग्रजीचा एक शब्द काढला नाही.

पंचेचाळीसच्या सुरुवातीला इंजिनावरचा तेलवाला तापाने गावी गेला, तो परतलाच नाही. पोपटराव स्वतः हौदावर आले. “चल रे टू हॉट, वर चल. पण वहीत वॉर्म सोडून दुसरा शब्द दिसला, तर परत इथेच.”

पोपटरावांची एक सवय होती. प्रत्येक ओळीखाली चार्जमनची सही लागायची. दर तासाला उठायला नको, म्हणून ते सकाळीच पानावरच्या आठही जागी सह्या करून ठेवत. त्यानंतर वहीकडे बघत नसत; आणि रात्रपाळी बंद झाल्यापासून वही वाचणारा दुसरा मिस्त्रीही नव्हता. साहेबही काही बिघडलं तरच यायचा.

फाल्गुनात बेअरिंग खरंच भलतं तापू लागलं. धाकलूने हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला.

“राव, हात ठरत नाय.”

“चालू दे. लष्कराचा माल आहे.”

धाकलूने सहीच्या वरच्या कोऱ्या जागेत लिहिलं, बेअरिंग टू हॉट टू टच. टोल्ड चार्जमन. ही सेड रन. मग तारीख आणि वेळ.

असं चार दिवस चाललं. दरवेळी तो सांगायला गेला आणि दरवेळी ‘चालू दे’ ऐकून आला. कारखान्याच्या मॅनेजरची खोली वीस पावलांवर होती. तिकडे तो गेला नाही. ओळी वाढताना त्याला बरं वाटत होतं. अकरा ओळी झाल्या. बाराव्या खेपेला बेअरिंगमधला धातू वितळला, दांडा किंचाळला आणि इंजिन जाम झालं.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. वही वाचताना त्याचा चेहरा लाल होत गेला.

“साहेब, याला व्हेरी आणि टूमधला फरक कळत नाही,” पोपटराव घाईने म्हणाले. “आठवतं ना, त्रेचाळीस साली?”

साहेबाने धाकलूला विचारलं, फरक काय?

“व्हेरी हॉट, सर, हँड कॅन स्टे. आय काउंट फाइव्ह.” धाकलूने उजवा तळहात उघडला. त्यावर चार फोड होते. “टू हॉट, सर, हँड कॅनॉट स्टे.”

साहेबाने तो हात पाहिला. मग वही पोपटरावांपुढे सरकवून सह्यांवर बोट ठेवलं, एकेक करून अकरा वेळा. वाचून सही केली म्हणावं तर इंजिन जाणूनबुजून जाळलं. न वाचता केली म्हणावं तरी सुटका नव्हती. संध्याकाळच्या आत पोपटरावांना नोकरी आणि कारखान्याची खोली सोडायला सांगण्यात आलं.

तिसऱ्या दिवशी त्यांची बायको, आनंदीबाई, धाकलूच्या दारात आली. तिने पदर पुढे घेतला होता.

“धाकलूभाऊ, साहेब तुमचं ऐकेल. लिहिण्यात चूक झाली म्हणा.”

“चूक नाय झाली, बाई.”

“ठाऊक आहे.” आनंदीबाई म्हणाली. “एक विचारू? चार दिवसांत एकदा ती वही यांच्यापुढे धरली असतीत, तर यांनी इंजिन थांबवलं असतं.”

“थांबवलं असतं,” धाकलू म्हणाला.

“मग?”

“म्हणून तर नाय धरली.”

आनंदीबाई वळली. भागीने तिच्यासाठी आतून पाण्याचा तांब्या आणला होता, तो उंबऱ्यावर ठेवला. धाकलूने तो आत न्यायला सांगितलं. भागीने नेला नाही.