आधीचा फोटो नंतर काढतात

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी कॉलेजने आम्हाला वर्षभरासाठी कंपनीत पाठवलं. उद्योगाचा अनुभव म्हणे. चाकणच्या त्या गिअरच्या कारखान्यात पहिले दोन महिने मी एक्सेलच्या रकान्यांत रंग भरले. हिरवा, पिवळा, लाल. बालवाडीतही हेच करत होते, फक्त तिथे कंटाळा आला की रडता यायचं.

घरी मात्र दिवाळी. आम्ही रहाटणीचे जुने. आमच्या शेतात आता सोसायटी उभी आहे, आणि तिच्या गेटसमोरच्या टपरीवर वडील भेटेल त्याला सांगायचे, "पोरगी कंपनीत हाय." कोणी विचारलं, "पर्मनंट का?" की म्हणायचे, "व्हय, हुईलच की आता." हे 'हुईलच की' वर्षभर माझ्या मानेवर बसलं होतं. एचआरच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वर्षाच्या शेवटी ज्याचा प्रोजेक्ट चांगला, त्याचा नोकरीसाठी विचार करू. खोटं कशाला बोलू, मला ती नोकरी हवी होती. फार हवी होती.

प्रोजेक्ट म्हणजे कायझेन. कामात कोणी काही छोटी सुधारणा केली की त्याचा एक कागद करायचा. डावीकडे आधीचा फोटो, उजवीकडे नंतरचा, खाली बचत काय झाली ते. प्रत्येक विभागाने दर महिन्याला अमुक इतक्या सुधारणा दिल्याच पाहिजेत असा नियम. सुधारणा म्हणजे काय मेथीच्या जुड्या आहेत, मोजून द्यायला? त्यात आमची मंडळी उत्साही. आधी काम उरकायची आणि मग आठवायचं, अरेच्चा, आधीचा फोटो राहिलाच! मग पुसून लख्ख केलेल्या कोपऱ्यात पुन्हा तेल सांडायचं, चिंध्या फेकायच्या, फोटो काढायचा आणि परत पुसायचं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. सांडायला तेल कमी पडलं म्हणून स्टोअरमधून मागवलेलंही पाहिलंय.

माझी सुधारणा मी केलेलीच नव्हती. ती केली दादांनी. दादा म्हणजे पहिल्या शिफ्टचे ऑपरेटर, लातूरकडचे. सहा वर्षं ठेकेदाराकडून त्याच मशीनवर. दर सात महिन्यांनी त्यांना घरी बसवायचं आणि थोड्या दिवसांनी नवीन माणूस म्हणून परत घ्यायचं. सहा वर्षांचा नवीन माणूस! पण यंदा ठेकेदाराने सांगितलं होतं की पर्मनंटच्या यादीत त्यांचं नाव गेलंय. दोन दिवसांआड मला विचारायचे, "हापिसात काय कळायलंय का ओ ताई?" मला कोण काय सांगणार? मी रंग भरणारी.

मशीनमधून निघालेले गिअर धुवायच्या टेबलापर्यंत क्रेटमधून उचलून न्यायला लागायचे. दादांची कंबर धरली. त्यांनी भंगारातून जुने रोलर आणले, दोन ठिकाणी वेल्डिंग करून घेतलं आणि एक उतार तयार केला. क्रेट ठेवलं की आपोआप टेबलाशी. मला मशीनच्या ड्रॉइंगवरून नीट माप काढता येत नव्हतं, आणि या माणसाने वितीने मोजून ते केलं होतं. कागदावर नाव मात्र माझं आलं, कारण ठेक्याच्या माणसाला कंपनीचा कोड नसतो आणि कोडशिवाय कॉम्प्युटर नाव घेत नाही. मी अगदी लाजत लाजत विचारलं. म्हणाले, "टाका की. मला काय आरती ओवाळून घ्यायचीय का?" झालं, आयत्या बिळावर नागोबा.

माझ्यावर लक्ष ठेवायला नेमलेल्या साहेबांनी कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. "कंबरदुखी कमी झाली? ही काय बचत आहे का? माणूस दाखव, माणूस. आधी दोन, नंतर एक."

"पण सर, तिथे एकच माणूस होता."

"फोटोत दोन घे ना. काय बिघडतंय?"

म्हणून आम्ही तो उतार काढून बाजूला ठेवला आणि शिफ्ट बदलायच्या वेळी आधीचा फोटो काढला. दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर पर्मनंट. तो म्हणाला, क्रेट उचलणं माझ्या कामात बसत नाही, फोटोतसुद्धा नाही. मग तो मशीनवर उभा राहिला आणि क्रेट दादांनी घेतलं. त्यांनी आधी केस सारखे केले, मग छान हसले. मी म्हटलं, "दादा, हसू नका, आधीच्या फोटोत त्रास दिसायला पाहिजे." त्यांनी असं काही तोंड केलं की आम्हीच हसून हसून बेजार झालो. मग उतार परत बसवला आणि नंतरच्या फोटोत पर्मनंट गृहस्थ एकटे.

महिन्याच्या मीटिंगमध्ये तो कागद पडद्यावर आला. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी दादांच्या फोटोवर बोट ठेवलं. "हा माणूस आता काय करतो?"

माझे साहेब म्हणाले, "सर, पुढच्या महिन्यात कमी करतोय."

एक वाक्य बोलायचं होतं. सर, दुसरा माणूस कधी नव्हताच, हेच पहिल्या शिफ्टला मशीन चालवतात. मी तिथेच उभी होते, हातात पॉइंटर घेऊन. डोळ्यांसमोर प्रोजेक्टचे मार्क आले, वडील आले, टपरी आली आणि मी मूग गिळून गप्प बसले. मला पहिला नंबर मिळाला. स्टीलची पाण्याची बाटली आणि टाळ्या.

कागदावर माणूस जास्तीचा निघाला म्हणजे निघाला. पहिल्या शिफ्टचं ते मशीन शेजारच्या ऑपरेटरच्या गळ्यात मारलं. ठेकेदाराने दादांना सांगितलं, शनिवारपर्यंत या. यादीबिदीचं तो काही बोललाच नाही.

त्याच शनिवारी सकाळी एचआरच्या बाईंनी मला बोलावलं. फार गोड बोलल्या. सध्या माणसं कमी करायचं धोरण आहे, म्हणून नवीन भरती बंद. "आणि सुरुवात तुमच्याच प्रोजेक्टने झाली, किती छान!" वर सर्टिफिकेट दिलं, जाड कागदाचं.

मी तडक दादांच्या मशीनशी गेले. ते शेजारच्या ऑपरेटरला दाखवत होते, बोट रोलरमध्ये जाऊ नये म्हणून क्रेट कुठे धरायचं. त्याला त्याच्या मशीनवर जाऊ दिलं आणि मी म्हटलं, "दादा, माझ्यामुळे झालं. मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं नाही."

ते हात पुसत राहिले. मग म्हणाले, "कळालं मला. एक शबुद बोलायचा व्हता, ताई."

मी सर्टिफिकेट पाठीमागे धरलं. मग त्यांनीच विचारलं, "तुमचं तरी झालं का पक्कं?"

"झालं," मी म्हणाले.

"मंग बरं झालं. एकाचं तरी झालं." आणि खरोखर हसले. "पेढे पायजेत मंग."

जेवणाच्या सुट्टीत बाहेर जायला गेटपास लागतो. कारणाच्या रकान्यात काय लिहू कळेना, म्हणून 'पेढे' लिहिलं. वॉचमननेही अभिनंदन केलं. हायवेवरच्या दुकानातून अर्धा किलो घेऊन आले. दादांनी खोका माझ्या हातातून घेतला आणि लाइनवर या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येकाला स्वतः पेढा दिला. "घ्या, ताई पर्मनंट झाल्या." लोक लांबून माझ्याकडे बघून हात उंचावत होते. मीही हात उंचावत होते. शेवटचा पेढा त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि मी खाईपर्यंत समोर उभे राहिले.