सासूबाईंची अर्धी बाटली

सासरे गेले त्याला वर्ष होऊन गेलं, वर्षश्राद्धही झालं, तरी सासूबाई घराबाहेर पडायला तयार नव्हत्या. गोरेगावच्या आमच्या दोन खोल्यांत सकाळी पाणी भरायचं, देवपूजा करायची, तांदूळ निवडायचे आणि दुपारभर खिडकीत बसून राहायचं. भाजीलासुद्धा मीच जायचे. म्हणून नवऱ्याला बढती मिळाली तेव्हा त्याने ठरवूनच टाकलं, आईला हॉटेलात जेवायला न्यायचं.

त्याचं ऑफिस अंधेरीला होतं. तिथल्या मित्रांनी त्याला स्टेशनजवळचं एक हॉटेल सांगितलं. चायनीज एकदम झकास, वरच्या मजल्यावर एसी फॅमिली रूम. एसीत बसून नूडल्स खाणं ही त्या काळी आमच्यासारख्यांच्या घरी महिनाभर सांगत फिरण्याची गोष्ट होती. फक्त एकच घोळ होता. ते हॉटेल म्हणजे मुळात बिअर बार होता. दारावर मोठ्या लाल अक्षरांत तसं लिहिलेलंच होतं.

"अरे, मग दुसरं बघ ना एखादं," मी म्हटलं. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणायचे, एकट्यात अरे.

"दुसरीकडे एसी नाही. आपण वर बसणार ना, खालच्यांशी आपला काय संबंध? आईला फक्त तो बोर्ड वाचू देऊ नकोस."

त्याची भीती उगाच नव्हती. त्या घरात दारूचं नावही काढायची सोय नव्हती. कॉलेजात असताना एकदा हा मित्रांबरोबर बिअर पिऊन आला होता. सासऱ्यांनी दारातच वास ओळखला आणि त्याला आत घेतलं नाही. अख्खी रात्र त्याने चाळीच्या जिन्यावर काढली. लग्न ठरल्यावर ही गोष्ट त्याने मला हसत हसत सांगितली होती, पण सांगताना मध्येच त्याचं हसू थांबलं होतं, ते मला आठवतं. सासरे मला लाभले ते जेमतेम काही महिने. आयुष्यभर गिरणीत काम केलेले, संपानंतर मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये चिकटलेले, मोजकं बोलणारे. त्यांच्यासमोर मी चहाचा कपसुद्धा आवाज न करता ठेवायचे.

तर एका शनिवारी दुपारी, चांगलं कडक ऊन असताना, आम्ही तिघं रिक्षाने अंधेरीला गेलो. नवऱ्याने रिक्षा मुद्दाम अलीकडेच थांबवली. मी ठरल्याप्रमाणे छत्री उघडून बोर्डाच्या बाजूला धरली आणि समोरच्या दुकानाकडे हात करून म्हटलं, "आई, ती हिरवी साडी बघा ना, किती छान आहे."

सासूबाईंनी साडीकडे पाहिलं नाही. बोर्डाकडेही पाहिलं नाही. नवरा पुढच्या दाराशी पोचला होता, त्याला त्यांनी मागून आपल्या मालवणीत हाक मारली.

"त्या दारान खंय जातंस रे? थंय बापये बसतत. फॅमिलीचो जिनो हयसून."

आणि हॉटेलाच्या बाजूच्या बोळात, रिकाम्या बाटल्यांच्या क्रेटी रचलेल्या होत्या त्यांच्यामधून, पदर सावरत त्या चालायला लागल्या.

आम्ही दोघं तिथेच उभे. छत्री माझ्या हातात तशीच वाकडी. नवऱ्याचं तोंड उघडं पडलं होतं. "तिला कसं माहीत?" तो मला विचारत होता, जणू मला माहीत असणार होतं. तोवर सासूबाई कठड्याला धरून निम्मा जिना चढल्यासुद्धा होत्या.

वर काळोखी थंडी होती. लाल रेक्झिनच्या खुर्च्या, टेबलाटेबलांमध्ये लाकडी पार्टिशन, खिडक्यांना जाड पडदे. सासूबाई कुणाला न विचारता कोपऱ्यातल्या टेबलाशी गेल्या आणि भिंतीकडे पाठ करून बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. नवरा समोर बसला, पण खुर्चीच्या अगदी टोकावर.

वेटर आला. पन्नाशीचा, मंगलोरकडचा असावा. मेनू कार्ड काखेत, चेहऱ्यावर थकवा. त्याने सासूबाईंना पाहिलं आणि त्याचा चेहराच बदलला.

"माई! अरे, किती दिवस झाले! मला वाटलं, तुम्ही घर बदलली. आणि साहेब कुठे? खाली पान घेतात काय?"

असं म्हणून तो हसत जिन्याकडे बघायला लागला. मग त्याची नजर परत सासूबाईंवर आली. त्यांच्या कपाळावर. 

"कधी?" त्याने विचारलं.

"गेल्या वर्सा. झोपेत गेले," सासूबाई म्हणाल्या.

त्याने काखेतलं मेनू कार्ड काढून टेबलावर ठेवलं, परत उचललं आणि आत निघून गेला.

"आई," नवऱ्याचा आवाज फाटला होता. "हा माणूस तुला कसा ओळखतो? बाबा... बाबा इथे येत होते?"

"मी पण येय होतंय. दोघां येव."

"कधी?"

"शनवारी."

शनिवार! दर शनिवारी दुपारी सासू-सासरे अंधेरीला वैद्याकडे जायचे. सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावायला. लग्न होऊन मी आले तेव्हापासून बघत होते. परत आल्यावर मी दर वेळी विचारायचे, आई, बरं वाटतंय का गुडघ्यांना? आणि त्या सांगायच्या, हो गं, बरीच मोकळीक वाटते. मी तर माझ्या मुलुंडच्या मावशीसाठी त्या वैद्याचा पत्तासुद्धा मागितला होता. तेव्हा सासऱ्यांनी, कधी नव्हे ते घाईघाईने बोलत, तो वैद्य नवीन पेशंट घेत नाही असं मला सांगितलं होतं.

"म्हणजे तो वैद्य..." मी म्हटलं.

"खंयचो वैद्य गं," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात वेटर परतला. आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. त्याने सासूबाईंसमोर उकडलेल्या शेंगदाण्यांची बशी ठेवली, कांदा-लिंबू ठेवलं आणि एक थंडगार बिअरची बाटली आणून उभी केली. तिच्यावरून पाणी ओघळत होतं. ग्लास मात्र दोन आणले होते. त्याच्या लक्षात आलं तसा तो दुसरा ग्लास परत उचलायला लागला. सासूबाईंनी त्यावर हात ठेवला. "ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही ग्लास भरून तो त्यांनी माझ्याकडे सरकवला.

नवरा उठून उभा राहिला. चेहरा लालबुंद.

"मला रात्रभर जिन्यात बसवलं त्यांनी! एका ग्लाससाठी! तू आतून दार उघडलं नाहीस, आई. आणि तुम्ही दोघं दर शनिवारी इथे... इथे येऊन..." तो वळला आणि धाडधाड जिना उतरून गेला. त्याच्या मागे जावं की सासूबाईंजवळ बसावं हे मला कळेना. मी बसून राहिले.

सासूबाईंनी घोट घेतला. डोळे मिटले. घरी शंकराचं तीर्थ घ्यायच्या तेव्हा असेच मिटायच्या. मी हादरून त्यांच्याकडे बघत होते. सोवळ्यातला स्वयंपाक, सोमवारचा उपास, दारात चप्पल वाकडी पडली तरी ओरडा, ती ही बाई. ओठांना लागलेला फेस त्यांनी पदराने टिपला.

"संपात," त्या म्हणाल्या, आणि मला वाटलं, बास, आता आणखी काही सांगू नका. पण त्या सांगत राहिल्या. थोडं मालवणीत, थोडं माझ्यासाठी साध्या मराठीत.

गिरणी बंद पडली तेव्हा पहिले काही महिने सासरे रोज सकाळी डबा घेऊन निघत. मोर्च्याला, युनियनच्या सभेला. मग सभा कमी झाल्या. मग डबा नेणं बंद झालं. चाळीतल्या बऱ्याच पुरुषांनी तेव्हा गावठी धरली. शेजारचा एक तर त्यातच गेला, त्याची बायको पोरांना घेऊन कणकवलीला परत गेली. सासरेही प्यायला लागले होते. मुलाला कळू नये म्हणून जोगेश्वरीला जाऊन प्यायचे, खूप वेळ बाहेर फिरायचे आणि वास गेला की घरी यायचे. सासूबाईंना ते त्यांच्या सदऱ्याच्या खिशातल्या बडीशेपेवरून कळलं. आयुष्यात बडीशेप न खाणारा माणूस.

"भांडलात?" मी विचारलं.

"भांडान काय होताला? मी तेंका म्हटलंय, तुमका पियाचीच आसात तर माझ्यासमोर पिया. गावठी नको, बाटलीतली. एकच. आणि तिच्यातली अर्धी माझी."

"तुमची कशाला?"

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू मी शाळेत साधी बेरीज चुकले होते. "गो, अर्धी मी प्यायलंय म्हणजे तेंच्या वाट्याक अर्धीच रवली ना."

नवऱ्याने दारू कमी प्यावी म्हणून स्वतः अर्धी पिणारी बाई मी कधी ऐकली नव्हती, पाहिली नव्हती, आणि ती माझ्याच घरात माझ्यासाठी चहा गाळत होती.

"कडू नाही लागली?"

"लागली. पयल्यांदा ओकाक इला. मगे आवडाक लागली. खोटा कित्याक बोलू?"

पलीकडच्या टेबलावर एक जोडपं बसलं होतं. त्या माणसाचा बराच वेळ आमच्याकडे कान होता. आता तो, आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात, बायकोला म्हणाला, "काय दिवस आलेत बघ. कपाळ पांढरं आणि हातात ग्लास." त्याच्या स्वतःच्या हातात ग्लास होता. दुसरी बाटली अर्धी झालेली. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

सासूबाईंनी मान वळवली. आवाज चढवला नाही.

"तुझ्या बापाशीच्या पैशान पितंय काय रे?"

तो माणूस मेनू कार्ड उघडून त्यात शिरला. त्याच्या बायकोने कोल्ड्रिंकची स्ट्रॉ दातांत धरली होती आणि तिचे खांदे हलत होते. हसत होती ती.

मग मी समोरचा ग्लास उचलला. आत जे काय होतं ते माझ्या मुलुंडच्या माहेरी कुणी कधी चाखलं नव्हतं. एक घोट घेतला. कडूजार. सासूबाईंनी शेंगदाण्यांची बशी माझ्याकडे ढकलली.

नवरा खाली पानवाल्याशी उभा होता. आम्ही उतरलो तेव्हा त्याने आमच्याकडे पाहिलं नाही. रिक्षात तो पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी अंग चोरून बसला. नूडल्स कुणीच खाल्ल्या नाहीत.

घरात त्यानंतर जे सुरू झालं, ते भांडणापेक्षा वाईट होतं. तो आईशी बोलेना. ताट वाढलं की खायचा, उठायचा. एकट्यात माझ्यावर चिडायचा. "तू तिच्याबरोबर बसून प्यायलीस?" मी त्याला संपाचं सगळं सांगितलं. जोगेश्वरी, बडीशेप, अर्धी बाटली. तो ऐकून घ्यायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मला वाटत होतं त्याचा राग बिअरचा आहे, जिन्यावरच्या रात्रीचा आहे. तसा नव्हता तो.

एका सकाळी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. तो ऑफिसचे कपडे घालून त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसला, इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता.

"बाबा गावठी पीत होते आणि मला माहीत नव्हतं. एवढंएवढंसं घर, आई. मी काय आंधळा होतो?"

"तुझी परीक्षा होती," सासूबाई म्हणाल्या.

"मला सांगायचं होतंस."

"सांगून तू काय करतलो होतंस? कॉलेज सोडून खंयतरी कामाक लागलो असतंस. तेच तेंका नको होता." सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "जिन्यावर तुका बसवल्यानी, त्या रात्री ते दाराच्या आतल्या अंगाक बसान होते. झोपाक गेले नाय. मी पण नाय. तुझ्या तोंडाक वास इलो तेव्हा तेंका वाटला, आपलाच व्यसन तुका लागला."

मी चहाचं आधण ठेवून तिथेच उभी होते, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मला त्या कडक, मोजकं बोलणाऱ्या माणसाची भीती वाटेनाशी झाली. ते दाराला पाठ लावून बसलेले मला दिसायला लागले. नवऱ्याने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग दुसरा. ऑफिसला त्या दिवशी उशिरा गेला.

पावसाळा सरत आला तेव्हा एका शनिवारी तो लवकर घरी आला आणि दारातूनच म्हणाला, "आई, चल. अंधेरीला."

सासूबाईंनी खिडकीतून मान वळवली. "आज संकष्टी आसा," त्या म्हणाल्या. "फुडच्या शनवारी."

पुढच्या शनिवारी गेलो. त्याच वेटरने तीन ग्लास आणले. नवऱ्याने, आता साहेब झालेला ना तो, रुबाबात बाटली उचलली आणि सरळ ग्लासात ओतली. फेस वर आला, ग्लासाच्या कडेवरून टेबलावर सांडला, त्याच्या शर्टाच्या बाहीला लागला.

"ग्लास तिरको धर रे," सासूबाई म्हणाल्या आणि त्याच्या हातातून बाटली काढून घेतली.