गुडघ्यामागची गाठ

परवा सुनेच्या पोटावर सोनोग्राफीचं गार जेल लावलं आणि मला रत्नागिरीतली तसलीच अंधारी खोली आठवली. ह्यांच्या गुडघ्यामागे गाठ आली होती, दुसऱ्या दिवशी सुई घालून तुकडा काढायचा ठरलेला, आणि कॅन्सरच्या धास्तीने मी अर्धी झालेली. डॉक्टरीणबाईंनी मशीनवरचा रंग चालू केला, तर गाठीत लाल-निळं रक्त गरगरत होतं. "काकू, ही गाठ नव्हे, धमनीला आलेला फुगा आहे. सुई अजिबात नको. आत रक्त गोठलं तर पाय जाईल, आत्ताच कोल्हापूरला न्या." कॅन्सर नाही म्हणून हसू की रडू, सांगा! गाडीत हे म्हणाले, "गाठच बरी होती गो." घाटात त्यांचं पाऊल माझ्या हातात गार पडत गेलं, मी नुसती चोळत राहिले. पाय गेला. आता हे खाटेवरून चहात साखर कमी म्हणून ओरडतात, आणि मी मुकाट्याने घालते.