पुसलेला आकडा

शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षर तर कोंबडीच्या पायांसारखं आहे, त्याबद्दल माफी. चौथीनंतर शाळा सुटली. तरी लिहायचं ते लिहिणारच.

धाकटे दीर मुंबईला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत. सुट्टीत श्रीवर्धनला आले की मी सुपारी सोलताना ते काहीबाही सांगत. एकदा म्हणाले, प्रत्येक वस्तू दुसरीला ओढते.

"मग भावजी, सगळे तारे एकमेकांवर आदळत का नाहीत?"

"वहिनी, हेच कोडं एका मोठ्या जर्मन शास्त्रज्ञाला पडलं होतं."

त्यांना आकाश स्थिर वाटे, पण गणितात ते स्थिर राहीना. म्हणून त्यांनी बाहेर ढकलणारा एक आकडा मधे घातला. पुढे दुर्बिणीतून दिसलं की आकाश पसरतंच आहे. तेव्हा त्यांनी तो स्वतःच काढून टाकला.

मामंजी ओटीवर ऐकत होते. ते सुपारीच्या पेढीवर हिशेब लिहीत.

"जमाखर्च जुळेना म्हणून मी मधेच आकडा घातला, तर शेट मला पायरी चढू देणार नाही. असल्या विद्येला मी पैसे भरतोय? जूनपासून पेढीवर ये."

भावजींनी मान खाली घातली. त्यांचं शेवटचं वर्ष उरलं होतं. मामंजींसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराआडून बोलले.

"चूक दिसल्यावर त्यांनी जगासमोर आकडा पुसला. पेढीवर कुणी पुसतं का?"

"सूनबाई, चुलीकडे बघा."

"चूल पेटलेलीच आहे. भावजींचं वर्ष पुरं व्हायला हवं."

"मग भरा तुम्हीच फी."

"भरते."

आमच्या यांनाही विचारलं नाही. शेजारच्या चाचींच्या घरची गलबतं होती. त्यांनी पैसे काढून दिले. म्हणाल्या, "परत कधी देशील ते विचारत नाही. सासऱ्याला काय बोललीस, ते परत एकदा सांग."

मग मी लोकांची सुपारी मजुरीने सोलू लागले. विहिरीवर बायका म्हणत, "ही आभाळाची फी भरते." म्हणोत.

भावजी पास झाले. मी त्यांना म्हटलं, चूक मानली ते बरं, पण आकडा पुसायला नको होता. ताऱ्यांमधल्या रिकाम्या जागेत बाहेर ढकलणारा काहीच जोर नसतो, हे कुणी पाहिलंय?

"तसं कुणी सिद्ध केलेलं नाही, वहिनी."

"मग नाही म्हणू नका."

अजूनही माझं तेच मत आहे.

यंदा पौषात चाचींचे उरलेले पैसे घेऊन निघाले. मामंजी ओटीवर होते. मागच्या दाराने न जाता त्यांच्यासमोरूनच गेले. चाचींच्या हातात पैसे ठेवले. सगळे फिटले.